खाडीचा चिखल, तिसऱ्या आणि किरणोत्सर्ग: मोजणी कशी करायची

रत्नागिरीपासून विजयदुर्गापर्यंतच्या खाड्यांतला गाळ आणि तिथली मासळी (तिसऱ्यांसारखे शिंपले आणि मासे) यांतला किरणोत्सर्ग मोजणं हे माझं काम. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. एम.एस्सी.ची मुलं प्रकल्पाला येतात आणि पहिला प्रश्न डिटेक्टरबद्दल विचारतात: जर्मेनियमचा आहे का, क्षमता किती, सॉफ्टवेअर कुठलं. प्रश्न योग्यच आहे. पण आकडा खरा निघणार की खोटा, हे बरंचसं डिटेक्टरपर्यंत पोचायच्या आधीच ठरलेलं असतं. नमुना कुठल्या चिखलातून घेतला, तो कसा वाळवला, डबा कोणत्या तारखेला बंद केला यावर ते ठरतं. म्हणून हे टिपण किनाऱ्यापासून सुरू करते.

आधी काय शोधायचं ते. गाळात तीन गोष्टी जन्मापासूनच असतात: युरेनियमची मालिका (म्हणजे युरेनियम आणि ते फुटून एकामागून एक होणारी त्याची मुलंनातवंडं), थोरियमची तशीच मालिका आणि पोटॅशियम-४०. पावसाळ्यात चौथी येते, बेरिलियम-७. वातावरणात वैश्विक किरणांमुळे ते तयार होतं आणि पावसाबरोबर खाली उतरतं. त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) साधारण ५३ दिवसांचं, त्यामुळे वरच्या थरात ४७७.६ केईव्हीवर (गॅमा किरणांची ऊर्जा या एककात मोजतात) त्याचा उंचवटा दिसला की तो थर ताजा आहे हे समजतं. माणसाने निर्माण केलेल्यांत मुख्य सीझियम-१३७. अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. वातावरणातल्या अणुचाचण्यांची धूळ जगभर पसरली, ती १९६३ च्या आसपास सर्वांत जास्त पडली, आणि तिचा अंश आपल्या चिखलातही असू शकतो. म्हणजे सीझियम सापडलं की ते जवळच्याच अणुकेंद्रातून आलं असं होत नाही. आणि शहराजवळच्या खाडीत आयोडीन-१३१ दिसलं, तर आधी थायरॉइडच्या रुग्णांना दिलेल्या औषधाचा आणि सांडपाण्याचा विचार करा.

जैतापूरला अणुऊर्जा प्रकल्प होवो न होवो, आजची नोंद हवीच. उद्या कोणी म्हणालं की खाडीत किरणोत्सर्ग वाढला, तर 'कशापेक्षा वाढला?' या प्रश्नाला उत्तर देणारा कागद कुणाकडे तरी असला पाहिजे. तो कागद प्रकल्प सुरू झाल्यावर तयार करता येत नाही.

जागा आणि वेळ

पुळणीवर नमुना घेणं सोपं, म्हणून सगळे तिथेच जातात. सीझियम मात्र वाळूला फारसं चिकटत नाही, ते बारीक चिकणमातीच्या कणांना धरतं. त्यातही इलाइट जातीची चिकणमाती त्याला घट्ट पकडते. आपल्या नद्या बेसाल्ट आणि जांभा धुऊन आणतात. बेसाल्टपासून मुख्यतः स्मेक्टाइट आणि जांभ्यातून केओलिनाइट येतं, आणि त्यांची पकड इलाइटइतकी नसते. म्हणून दुसऱ्या किनाऱ्यांवरचे आकडे इकडे लावताना जपून. सीझियम शोधायचं तर खाडीच्या आतल्या वळणावर, जिथे पाणी संथ होतं तिथला मऊ चिखल घ्या. नमुन्यातला ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग किती टक्के आहे तेही मोजा. ही टक्केवारी न देता दोन ठिकाणांची तुलना केली, तर ती किरणोत्सर्गाची नसून वाळू आणि चिखलाची तुलना असते.

काळ्या वाळूबद्दल एक गैरसमज मला दरवर्षी दूर करावा लागतो. काळबादेवी, मालगुंड इथली वाळू काळी दिसते ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटमुळे. लोहचुंबक फिरवलं की मॅग्नेटाइटचे कण त्याला झुपक्याने चिकटतात. केरळात चवऱ्याच्या वाळूत मोनाझाइट असतं आणि त्यात थोरियम, त्यामुळे तिथला किरणोत्सर्ग जास्त. आपली वाळू बेसाल्टची लेक आहे. बेसाल्टात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम तिन्ही कमी, आणि मोनाझाइट जवळजवळ नाही. काळा रंग पाहून घाबरायचं कारण नाही. तरी मोजाच, कारण 'कमी आहे' हेसुद्धा आकड्यानेच सांगायचं असतं.

वेळेचा हिशोब कोकणात सगळ्यांना येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. अंधारात चिखलात उतरणं नको. द्वितीया-तृतीयेला उधाण अजून जोरातच असतं आणि ओहोटी साडेसात ते सव्वाआठला लागते. मी शक्यतो हेच दिवस धरते. पक्क्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं पाहा, आणि खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा ओसरतं हे लक्षात ठेवा. एकटं जाऊ नका. मचव्यावरचा किंवा तिसऱ्या काढणारा माणूस बरोबर असू द्या, चिखल कुठे गुडघाभर आणि कुठे कंबरभर हे त्यालाच ठाऊक असतं. कांदळवनात वन विभागाच्या परवानगीशिवाय हात घालू नका. अणुकेंद्राच्या हद्दीजवळ तर लेखी परवानगीशिवाय फिरकूच नका.

चौरस मीटरभर जागेत चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी वरचा ५ सेंटिमीटरचा थर प्लास्टिकच्या फावडीने उचला आणि एकत्र करा. ओला दोन किलो तरी घ्या, कारण मऊ चिखलात निम्मं वजन पाण्याचं असतं. पिशवी दुहेरी. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा, बॉलपेन आणि मार्कर दोन्ही खाऱ्या पाण्यात दगा देतात. चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, ओहोटीची स्थिती आणि पाण्याची क्षारता. क्षारता कशाला, ते पुढे येईल.

गाळाचा इतिहास हवा असेल तर पीव्हीसी पाइप सरळ खाली दाबून गाभा काढा, उभाच न्या आणि एक-एक किंवा दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या करा. शिसे-२१० चं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचं, त्यावरून शंभरेक वर्षांपर्यंतचं वय काढता येतं, आणि सीझियमचा १९६३ च्या आसपासचा उंचवटा त्याला साक्ष देतो. खेकड्यांनी बिळं पाडलेली किंवा रेती उपसलेली जागा या कामाला निरुपयोगी आहे.

वाळवणं आणि डबा भरणं

आयोडीन-१३१ शोधायचं असेल तर ओला नमुनाच त्या दिवशी मोजायला लावा. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं आहे, ओव्हनची वाट पाहायला वेळ नाही. पोलोनियम-२१० काढायचं असेल तर थोडा भाग वेगळा काढून ६० अंशांखाली वाळवा, कारण ते तापवल्यावर उडून जातं. उरलेला गाळ १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत.

वाळवण्याआधी नमुना नळाच्या पाण्याने धुवायचा मोह होतो, मीठ जावं म्हणून. धुऊ नका. मिठाबरोबर सैल चिकटलेलं सीझियमही जातं. मिठाचा हिशोब कागदावर करा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १२ बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) पोटॅशियम-४० असतं. एक किलो ओल्या चिखलात अर्धा लिटर पाणी धरलं तर वाळल्यावर १७ ग्रॅमच्या आसपास मीठ आणि सुमारे ६ बेकरेल पोटॅशियम-४० मागे राहतं. म्हणजे कोरड्या गाळाच्या किलोमागे जवळपास १२ बेकरेलची भर. बेसाल्टच्या मुलखात, जिथे मुळातच पोटॅशियम कमी, तिथे ही भर दुर्लक्ष करण्यासारखी नाही. चिठ्ठीवरची क्षारता इथे लागते: भरतीच्या तोंडाशी आणि नदीच्या बाजूला मीठ सारखं नसतं.

वाळलेला गाळ कुटा, शंखांचे तुकडे आणि काटक्या काढा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. मग डब्यात भरणं. सर्व नमुन्यांसाठी डबा एकच, भरण्याची उंची एकच, आणि ज्या प्रमाण पदार्थाने (त्यातला किरणोत्सर्ग आधीच माहीत असतो) डिटेक्टरची कार्यक्षमता, म्हणजे निघालेल्या गॅमा किरणांतले किती टिपले जातात ते, काढणार आहात तोही त्याच डब्यात, त्याच उंचीपर्यंत. डबा हलकेच आपटून भरा, वर हवा राहू देऊ नका. झाकणाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप, वरून इपॉक्सी, त्यावर पीव्हीसी टेप. पातळ प्लास्टिकमधून रेडॉन हळूहळू निसटतो, म्हणून जाड भिंतीचा किंवा ॲल्युमिनियमचा डबा घ्या.

आता चार आठवडे थांबायचं. मुलांना हेच सगळ्यात जड जातं, म्हणून कारण नीट सांगते. गाळातलं रेडियम-२२६ मोजायचं असतं, पण त्याची स्वतःची १८६.२ केईव्हीची रेषा युरेनियम-२३५ च्या १८५.७ च्या रेषेत मिसळलेली असते. म्हणून आपण रेडियमची नातवंडं मोजतो: शिसे-२१४ ची ३५१.९ आणि बिस्मथ-२१४ ची ६०९.३. मधे रेडॉन-२२२ नावाचा वायू येतो. कुटताना, वाळवताना तो उडून गेलेला असतो. त्याचं अर्धायुष्य ३.८२ दिवस. सात अर्धायुष्यांत, म्हणजे सुमारे २७ दिवसांत, तो ९९ टक्क्यांवर भरून येतो आणि नातवंडं रेडियमच्या बरोबरीला येतात. दहाव्या दिवशी मोजलं तर रेडियम कमी दिसेल, आणि किती कमी ते डबा किती रिकामा झाला होता यावर अवलंबून. डब्यावर बंद केल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा.

डिटेक्टरवर

द्रव नायट्रोजनने थंड केलेला उच्च-शुद्धतेचा जर्मेनियम डिटेक्टर आणि भोवती १० सेंटिमीटर शिसं, आतून तांब्याचं अस्तर, हा या कामाचा सरळ संच. तो विद्यापीठात किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत वेळ मागून मिळतो. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरवर जास्त थोरियमची वाळू मोजता येईल, कमी सीझियमचा गाळ नाही. त्याची रुंदी ६६२ केईव्हीला सुमारे ७ टक्के, म्हणजे ४५ केईव्हीच्या आसपास. तेवढ्या रुंदीत बिस्मथ-२१४ ची ६०९ ची रेषा सीझियमच्या ६६१.७ च्या पायथ्याशी येते आणि नसलेलं सीझियम दिसू लागतं. ऑनलाइन मिळणारं गायगर मीटर पुळणीवर धरून 'किलोमागे इतके बेकरेल' सांगणाऱ्यांवर तर मुळीच विसंबू नका. ते यंत्र हे सांगूच शकत नाही.

ऊर्जेची जुळणी सीझियम-१३७ आणि कोबाल्ट-६० च्या ११७३.२ व १३३२.५ या रेषांवर करा. थोरियमसाठी ॲक्टिनियम-२२८ ची ९११.२ आणि शिसे-२१२ ची २३८.६ पाहा, दोन्हींतून निघणारे आकडे जुळले पाहिजेत. पोटॅशियम-४० ची १४६०.८. शिसे-२१० ची ४६.५ इतकी दुबळी की ती नमुन्यातच शोषली जाते, तिच्यासाठी प्रत्येक नमुन्याची वेगळी दुरुस्ती लागते. पार्श्वभूमीसाठी तसाच रिकामा डबा तेवढाच वेळ मोजा, कारण खोलीच्या भिंतीतलं पोटॅशियम आणि हवेतला रेडॉन दोन्ही तुमच्या आकड्यात घुसतात.

स्वतःला तपासायला प्रमाण पदार्थ लागतोच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा आयरिश समुद्रातला गाळ, आयएईए-३८५, मी वापरते. माशांसाठी आयएईए-४१४. त्यांची प्रमाणित मूल्यं तुमच्या पद्धतीने निघाली नाहीत, तर खाडीच्या नमुन्याला हात लावू नका.

हिशोब एकदा हाताने करून पाहा. समजा अर्धा किलो कोरडा गाळ ८०,००० सेकंद मोजला. ६६१.७ वर एकूण ५९० गणना, त्यातली पार्श्वभूमी २५०, निव्वळ ३४०. कार्यक्षमता २ टक्के, एक अणू फुटल्यावर या ऊर्जेचा गॅमा किरण निघण्याची शक्यता ०.८५१. भागाकार: ३४० ÷ (८०,००० × ०.०२ × ०.८५१ × ०.५) = ०.५० बेकरेल प्रति किलो. अनिश्चितता ५९० आणि २५० यांच्या बेरजेचं वर्गमूळ, २९ गणना, म्हणून ०.५० ± ०.०४. आता शोधमर्यादा, लॉइड करी (Currie) यांच्या १९६८ च्या सूत्राने: २.७१ + ४.६५ × √२५० = ७६ गणना, म्हणजे ०.११ बेकरेल प्रति किलो. नमुन्यात याहून कमी निघालं तर '०' लिहू नका, '०.११ पेक्षा कमी' लिहा. शून्य म्हणजे 'नाही'. तुम्हाला फक्त एवढंच माहीत आहे की तुमच्या यंत्राला दिसलं नाही.

गाळाचे नैसर्गिक आकडे जमिनीच्या जागतिक मध्यकाशेजारी ठेवून पाहा: युरेनियम-२३८ किलोमागे ३५ बेकरेल, थोरियम-२३२ साठी ३०, पोटॅशियम-४० साठी ४००. भूगर्भवाल्यांच्या आकड्यांशी ताडायचं तर एक पीपीएम (दशलक्षात एक भाग) युरेनियम म्हणजे सुमारे १२.३५ बेकरेल प्रति किलो, एक पीपीएम थोरियम ४.०६, आणि एक टक्का पोटॅशियम ३१३. बेसाल्टच्या गाळात थोरियम १०० च्या वर निघालं तर आनंदाने धावत येऊ नका, आधी कार्यक्षमता तपासा.

मासळी

तिसऱ्या, कालवं, शिणाणे हे या कामाचे खरे साथी. जागा सोडत नाहीत आणि दिवसभर पाणी गाळत बसतात. बांगडा फिरता मासा आहे, तो कुठलं पाणी पिऊन आला ते सांगता येत नाही. म्हणून एका खाडीबद्दल बोलायचं असेल तर शिंपलेवर्गीय घ्या. लोक काय खातात याबद्दल बोलायचं असेल तर बाजारातून बांगडा, बोंबील, मांदेली घ्या. दोन प्रश्न वेगळे आहेत, नमुने मिसळू नका.

तिसऱ्या आणल्या की त्याच जागच्या गाळलेल्या खाऱ्या पाण्यात रात्रभर ठेवा. त्या पोटातली रेव टाकतात. हे केलं नाही तर तिसरीच्या नावाखाली तुम्ही चिखलच मोजता. मग शिंपा उघडून मांस काढा, आकार आणि वजन लिहा, ओलं वजन आणि कोरडं वजन दोन्ही. सगळे आहाराचे हिशोब ओल्या वजनावर असतात, सगळी प्रयोगशाळा कोरड्या वजनावर चालते, आणि या दोहोंमध्ये किती निबंध वाया गेलेत याची मला खरोखर हळहळ वाटते.

सीझियमसाठी माशाचं मांस खूप लागतं, चार-पाच किलो. वाळवून मफल भट्टीत राख करा, पण तापमान ४५० अंशांच्या वर नेऊ नका, त्यापुढे सीझियम जाऊ लागतं. चढतानाही सावकाश, बांगड्याची चरबी पेट घेते. राखेतलं पोटॅशियम-४० ही फुकटची तपासणी आहे: माशाच्या ओल्या मांसात किलोमागे तीन-चार ग्रॅम पोटॅशियम असतं, आणि एका ग्रॅम पोटॅशियममध्ये सुमारे ३१ बेकरेल. तेव्हा उत्तर शंभरच्या आसपास यायला हवं. २० किंवा ४०० आलं, तर सीझियमचा आकडाही खोटा आहे.

पोलोनियम-२१० ची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते किनाऱ्यावरच्या माणसासाठी सर्वांत महत्त्वाची. ते नैसर्गिक, अल्फा सोडणारं, शिंपल्यांच्या पचनग्रंथीत साठणारं. गॅमा डिटेक्टरला ते दिसत नाही. त्याची राख करायची नाही. थोडं कोरडं मांस घेऊन त्यात सर्वांत आधी मोजून पोलोनियम-२०९ चा मागोवक टाका, मग नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने धूरकपाटात विरघळवा. मागोवक शेवटी टाकला तर वाटेत किती हरवलं ते कळणारच नाही. शेवटी अर्धा मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात आणा, लोहाचा पिवळेपणा जाईपर्यंत ॲस्कॉर्बिक आम्ल टाका, आणि ८०-८५ अंशांवर तीन-चार तास ढवळत चांदीच्या चकतीवर पोलोनियम बसू द्या. चकत्या मी सोनाराकडून शुद्ध चांदीच्या पत्र्यातून कापून घेते, एक बाजू टेप लावून झाकते, म्हणजे सगळं एकाच बाजूला बसतं. चकती बाहेर काढल्यावर पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा. तिच्यावर काहीच दिसत नाही, चमक किंचित मंदावलेली असते एवढंच. अल्फा वर्णपटात मात्र दोन स्वच्छ सुळके येतात: मागोवकाचा ४.८८ आणि पोलोनियम-२१० चा ५.३० एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही). दोन्हींचं गुणोत्तर हे तुमचं उत्तर. अर्धायुष्य १३८ दिवसांचं असल्याने नमुना पकडल्याची, चकतीवर बसवल्याची आणि मोजल्याची अशा तिन्ही तारखा हिशोबात लागतात.

मोठ्या माणसाने एक बेकरेल पोलोनियम-२१० खाल्लं तर डोस १.२ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळालेला किरणोत्सर्गाचा डोस सिव्हर्टमध्ये मोजतात), सीझियम-१३७ खाल्लं तर ०.०१३. नव्वदपट फरक. समजा कोणी वर्षाला पाच किलो तिसऱ्यांचं मांस खातं, त्यात किलोमागे २० बेकरेल पोलोनियम आणि ०.१ बेकरेल सीझियम आहे. पोलोनियमचा डोस ०.१२ मिलिसिव्हर्ट, सीझियमचा त्याच्या हजारो पटींनी कमी. माणसाला नैसर्गिक स्रोतांकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतंच.

मला जेटीवरच्या काकी विचारतात, "आमच्या म्हावऱ्यात काय हाय काय गो बाय?" विशेषतः ऑगस्ट २०२३ मध्ये फुकुशिमाचं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली, तेव्हा हा प्रश्न फार आला. त्या पाण्यातला मुख्य घटक ट्रिटियम, तो गॅमा डिटेक्टरवर दिसत नाही, त्याला द्रव सिंटिलेशन (नमुना खास द्रवात मिसळून त्यातल्या प्रकाशाच्या ठिणग्या मोजणं) लागतं. त्यामुळे 'आम्ही मोजलं, काही नाही' असं गॅमाच्या आधारावर सांगणं अप्रामाणिक. मी काकींना दोन्ही आकडे देते: जे देवाने घातलंय ते इतकं, जे माणसाने घातलंय ते इतकं, आणि जपानने २०१२ पासून अन्नात सीझियमसाठी ठरवलेली मर्यादा किलोमागे १०० बेकरेल. त्यांना आकडे कळतात. रोज तराजू हातात असणाऱ्या बायका आहेत.

अहवालात नैसर्गिक आणि मानवनिर्मित एकाच कोष्टकात, शेजारी-शेजारी द्या. एकटा सीझियमचा आकडा छापला की तो कितीही लहान असला तरी लोकांची झोप उडते आणि मासळीचा भाव पडतो. प्रत्येक आकड्यापुढे ओलं की कोरडं, संदर्भाची तारीख, अनिश्चितता आणि शोधमर्यादा हवीच.

शेवटचं काम साठवणीचं. प्रत्येक नमुन्याचा निम्मा भाग वाळवून, चाळून काचेच्या बरणीत बंद करा. चिठ्ठी आतही आणि बाहेरही लावा, आणि बरण्यांची यादी विभागाच्या वहीत हाताने लिहून त्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही घ्या. पुढे कोणी तुमच्या आकड्यावर शंका घेतली तर त्याला ती बरणी द्या आणि मोजायला सांगा.